सांभाळायला दिलेली फुलं

मार्च संपून गेला तरी यंदा मी कूलर काढलेला नाही. चंद्रपुरात ही गोष्ट लपत नाही. होळी झाली की गल्लीतल्या एकेका खिडकीला लोखंडी पोट सुटतं. ज्या खिडकीला सुटलं नाही, त्या घरात कोणीतरी आजारी आहे किंवा घर विकायला काढलंय, असं लोक धरून चालतात. शेजारच्या शमीमभाभींनी मला परवा फाटकातच गाठलं.

"ताई, कूलर काऊन नाई काढला? तब्येत बरी हाये ना?"

"बरी आहे."

"मग? साहेब इथी नाई म्हणून? गर्मी का साहेबांले विचारून येते?"

मी हसले, कुलूप ओढून पाहिलं आणि बस पकडायला निघाले. खरं कारण त्यांना सांगायला मला थोडा वेळ हवा होता. कूलरच्या ताट्यांमधलं गवत बदलायचं, टाकी घासायची, मोटरला तेल द्यायचं, म्हणजे उन्हाळा इथंच काढायचा असं ठरवल्यासारखं होतं. आणि माझं नेमकं तेच ठरत नाही.

अमोल, माझा मुलगा, पुण्यात असतो. त्याला मुलगी झाली, सून नोकरीवर परत रुजू झाली, आणि नुकतेच निवृत्त झालेले माझे यजमान "दोन महिने नातीकडे बघून येतो" म्हणून गेले ते दिवाळीपासून तिकडेच आहेत. मी मूल गावच्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्माती आहे. निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. आता अमोलच्या घराजवळच्या एका खाजगी इस्पितळात औषध विभाग सांभाळायला अनुभवी माणूस हवंय, त्यांना मी चालते, फक्त एप्रिलच्या अखेरीपर्यंत कळवायचं. इकडची सरकारी नोकरी मुदतीआधी सोडायची, तिकडं नवीन धरायची. "आई, काम पण आणि घर पण," अमोल म्हणतो. तो सगळं असं दोन शब्दांत बसवतो. माझ्याकडूनच शिकला असेल.

चंद्रपूरहून मूलला जाणारी सकाळची बस जंगलातून जाते. या दिवसांत साग उघडा पडलेला असतो, पळस फुलून जुना झालेला असतो आणि मोहाच्या झाडांखाली बायका वाकलेल्या असतात. खालचा पाचोळा जाळून त्यांनी जमीन काळी, स्वच्छ केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल दिसावं. बस त्यांच्याजवळून जाते तेव्हा त्या वरही बघत नाहीत. मोहफुलांचा वास मात्र बसमध्ये चढतो. गोड, जड, भिजवलेल्या मनुकांसारखा, शेवटाला किंचित आंबूस. रोज मी खिडकी लावून घेते. वास आवडत नाही अशातला भाग नाही. सकाळच्या वेळी आठवत बसणं मला परवडत नाही. पण त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेल्या खिडकीची काच अडकलेली होती. वर होईना, खाली होईना. मूल गाव येईपर्यंत मी मनाने अहेरीत होते.

अहेरी ही माझी पहिली नेमणूक. तेव्हा चंद्रपूरहून अहेरीला एसटीने जायचं म्हणजे सकाळी निघून पाठ ताठ होईपर्यंत बसायचं. आष्टी गेलं की जंगल सुरू, आलापल्ली गेली की बोलण्यात तेलुगू सुरू. दवाखान्याच्या मागं कर्मचाऱ्यांचे क्वार्टर होते. मला मिळालेल्या दोन खोल्यांच्या मागच्या अंगणात मोहाचं एक जुनं झाड होतं. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. अमोल तेव्हा नुकता बोलायला लागलेला, चंद्रपुरात त्याच्या बाबांजवळ आणि आजीजवळ ठेवलेला. दर रविवारी मी चौकातल्या फोनच्या बूथवर जायचे. तो फोनवर यायचा नाही. फोनमधली आई त्याला खोटी वाटायची. मागून ऐकू यायचं, "ही आई नाई." मग यजमान फोन घेऊन म्हणायचे, "राजीनामा देऊन ये ना. माझ्या शाळेच्या पगारात भागेल आपलं." त्या एप्रिलमध्ये मी ते मनाशी नक्की केलं होतं. महिना भरला की जायचं.

संध्याकाळी दवाखाना बंद झाला की कोणाशी बोलायचं नसे. पलीकडच्या क्वार्टरमधल्या दोघी सिस्टर आपसात तेलुगू बोलत. मी एकीपुरता भात लावायचे. एकीपुरता भात लावायला मला अजून जमत नाही. तेव्हाही उरायचा, आताही उरतो.

एका पहाटे मागच्या अंगणात खराट्याचा आवाज आला. मी दार उघडून ओरडले, "कोण आहे?"

"मी हाय ना बाई," उत्तर आलं. जणू मला ओळख पटायलाच हवी.

अंगणात एक सडपातळ बाई वाकून झाडत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, शेजारी बांबूची टोपली. तिचं नाव मैनीबाई. दवाखान्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, राहायची.

"इथं काय करताय?"

"झाड आमचं हाय. माह्या सासूची सासू बी इथंच वेचत होती."

"अहो, हे सरकारी क्वार्टर आहे."

"हो," ती म्हणाली, "ते मंग बांधलं." आणि झाडत राहिली.

मी चहा ठेवला. दुसरं काही सुचलं नाही. तीन-चार दिवस ती अशीच उजाडायच्या आत येत राहिली. मी उठेपर्यंत तिची टोपली अर्धी झालेली असायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. पण सकाळी अंगणात कोणीतरी आहे, एवढ्यानेसुद्धा चहाला चव यायची. असं मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

मग एके दिवशी ती टोपली रिकामी घेऊनच आली आणि उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली.

"बाई, आमी उद्या चाललो मिरची तोडाले. आंध्रात. ट्रक येऊन राह्यला. झाड तुमाले सांगून चालली."

"मला? मी काय करू?"

"वेचा. वाळवा. येगळं ठेवा. मी आली का अर्धं तुमचं, अर्धं माहं."

त्यांच्या टोल्यावरची रीत अशी होती की ज्याला हंगामात बाहेर जायचं असेल त्यानं आपलं झाड कोणाला तरी सांगून जायचं. ज्याला सांगितलं त्यानं वेचायचं. न सांगता कोणी गेलं तर त्या झाडाखाली दुसरं कोणी जात नाही. फुलं पडतात, काळी पडतात, गुरं खातात, अस्वल खातं.

"मग टोल्यावरच्या कोणाला सांगा ना. मला नोकरी आहे. शिवाय मी सुद्धा जाणार आहे चंद्रपूरला, कायमची."

"अंगण तुमचं हाय. मंग तुमालेच सांगावं लागते." ती उठली, लुगडं झटकलं. "मी येईपर्यंत राहा," म्हणाली आणि गेली. मी हो म्हणते का नाही, याची तिनं वाटसुद्धा पाहिली नाही.

पहिल्या दिवशी मी फुलं वेचली आणि धुतली.

नुकतंच औषधशास्त्र शिकून आलेल्या बाईनं दुसरं काय करायचं? जमिनीवर पडलेली, मुंग्या लागलेली वस्तू. स्वच्छ पाण्याने दोनदा धुतली, ऊन लागून खराब होऊ नयेत म्हणून आतल्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरली. दुसऱ्या दिवशीचीही तशीच. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातले शिपाई पोचूभाऊ काउंटरच्या जाळीला तोंड लावून हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, एक इचारू? राग नाई येनार?"

"विचारा."

"तुमच्या क्वार्टरातून वास येऊन राह्यला. घरीच मोहाची गाळून राह्यल्या का?"

"काय गाळतेय? मोहफुलं आहेत मैनीबाईंची. धुऊन ठेवलीत फक्त."

पोचूभाऊ जाळीपासून मागे सरकले. "धुतली? मोहाले कोनी धुवते?" आणि बाकावर बसून असे हसायला लागले की रांगेतले पेशंटही हसू लागले, काय झालं ते न कळताच. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या पानठेल्यापर्यंत बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं बाटली पुढे केली आणि डोळा बारीक करून म्हणाला, "बाई, आतलं द्या. हे नगं." ती आंबलेली फुलं मी पोचूभाऊंना फेकायला सांगितली. ती फेकली गेली नाहीत, एवढं मला त्यांच्या पुढच्या दोन दिवसांच्या खुशीवरून समजलं.

त्यानंतर मात्र मी नीट शिकले. पहाटे उठायचं. मोहाचं झाड या दिवसांत निष्पर्ण असतं. फांद्यांच्या टोकांना झुपके आणि त्यातून एकेक फूल सुटतं. पडताना आवाज करतं, ओल्या कापसाची गोळी पडावी तसा. हातात घेतलं की थंडगार, भरलेलं. वेचता वेचता उजाडायचं आणि बोटं चिकट व्हायची. मग सगळं उन्हात चटईवर, पाणी न लावता. दवाखान्यात काउंटरवर बसून माझं अर्धं लक्ष मागच्या अंगणात असायचं, कारण शेळ्या. शेळ्या आल्या की पलीकडच्या सिस्टर खिडकीतून ओरडायच्या, "मेका! मेका!" आणि मी गोळ्यांचं पाकीट पेशंटच्या हातात कोंबून पळायचे. मेका म्हणजे शेळी. मला आलेला पहिला तेलुगू शब्द. त्या शेळ्यांमुळेच त्या दोघी माझ्याशी बोलायला लागल्या. मग एकदा त्यांनी ताटलीत चिंचेचं वरण झाकून आणलं आणि मी माझा उरलेला भात पुढे केला.

वाळलेली फुलं विटकरी होतात, आक्रसतात. पोतं भरत गेलं. महिना भरला. रविवारी बूथवर यजमान म्हणाले, "मग? कोणत्या गाडीने येतेस?"

"येते. पण मैनीबाई यायच्यात अजून."

"कोण मैनीबाई?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू एका पोत्यासाठी थांबली आहेस. आणि तुझं पोर इथं तुझ्या फोटोला आई म्हणून राह्यलंय."

पोतं पोचूभाऊंकडे देऊन जाता आलं असतं. पण ते त्यांना सांगितलेलं नव्हतं, मला सांगितलेलं होतं. आणि त्या गावात तोपर्यंत मला दुसऱ्या कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

मैनीबाई आली तेव्हा झाडाला तांबूस पालवी फुटून ती हिरवी व्हायला लागली होती. हात मिरचीने सोललेले, डोळे लाल, डोक्यावर लाल मिरचीचं गाठोडं. अंगणात आली आणि आम्ही दोघी एकदमच शिंकायला लागलो. पोतं उघडून तिनं मूठभर फुलं हातात घेतली, नाकाला लावली, मान डोलावली. मग टोपलीने वाटे घातले. एक टोपली इकडे, एक तिकडे.

मी म्हणाले, "पहिल्या दोन दिवसांची वाया गेली माझ्याकडून. मी धुतली होती." तिला ते आधीच कळलं असणार, कारण ती हसू दाबत होती.

"जाऊ द्या. समजा अस्वल आलं होतं."

माझा वाटा मी तिलाच देऊ केला. मला काय करायचंय मोहफुलांचं? ती रागावली. वाटा परत करतात का? मग तिनंच माझ्या चुलीवर तव्यात फुलं भाजली, तिळाबरोबर कुटली, लाडू वळले. ते डब्यात घेऊन मी चंद्रपूरला गेले. राजीनामा द्यायला नव्हे, अमोलला आणायला. त्याने लाडू खाल्ला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आई म्हणायचं की नाही ते लगेच ठरवलं नाही. जूनमध्ये तो अहेरीच्या अंगणात खेळत होता. यजमान सुट्ट्यांत यायचे. त्यांनी अस्वलाची गोष्ट ऐकली आणि तेव्हापासून लाडात आले की मला अस्वलच म्हणतात.

पुढं मैनीबाईशी भेट चालू होती, मग माझी बदली झाली, मग नाही. ते झाड आहे की तोडलं, मला माहीत नाही. विचारायचं ठरवलं तर विचारता येईल. मी विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं मी त्या वेळी नोकरीसाठी थांबले. नातेवाइकांत तशी माझी ख्यातीच आहे, करिअरवाली बाई. मीही कधी खोडून काढलं नाही, बरं दिसतं. पण त्या अडकलेल्या खिडकीपाशी मला लख्ख दिसलं की मी थांबले ते कोणाची तरी वस्तू माझ्याकडे होती म्हणून. आणि त्याच्यापुढचं लगेच दिसलं. आता माझ्याकडे कोणाचंच काही नाही.

मी हे तपासून पाहिलं. तपासणं माझ्या हाडात आहे. दवाखान्यात माझ्या हाताखालची मुलगी माझ्याइतकंच बघते, कदाचित जास्त नीट. घरात कुंड्या होत्या, त्या मागच्या उन्हाळ्यात गेल्या. सासूबाई गेल्या. गल्लीत सगळे चांगले आहेत, पण मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मी नसले तर फाटकाचं कुलूप तेवढं दिवसभर जसं दिसतं तसं सगळ्यांना कायम दिसेल. इतके दिवस मी पुण्याचं तोलत होते ते पेन्शन, पगार, सुनेच्या स्वयंपाकघरात आपली जागा, असल्या बाजूंनी. मला अडवणारं इथं काहीच नाही, ही बाजू मी धरलीच नव्हती. बसमध्ये मी काही रडले वगैरे नाही. मूल आलं, उतरले, काउंटर उघडला.

रविवारी यजमानांचा व्हिडिओ कॉल आला. खांद्यावर नात झोपलेली, त्यावर पांढरा रुमाल. अमोललाही ते असंच घेऊन फिरायचे, तेव्हा मी बघायला नव्हते.

"अस्वल, कूलर काढला का?"

"नाही."

"एप्रिल आला की गं! भाजून निघशील. इथं काही लागत नाही बघ. परवा खालच्या एका गृहस्थांना कूलरबद्दल सांगत होतो, त्यांना वाटलं पाण्याचा कूलर."

"करमतं का तुम्हाला?"

हा प्रश्न मी इतक्या महिन्यांत विचारला नव्हता. आमच्यात तसले प्रश्न नसतात. त्यांनी रुमाल उगाच सारखा केला.

"ही जागी असते तेव्हा काही नाही. दुपारी झोपते. मग इथं आवाजच नसतो. आपल्याकडं कसं दुपारभर कूलर घुरघुरतो, कोणीतरी घरात असल्यासारखं." मग लगेच म्हणाले, "पण हवा छान आहे."

मी फोन ठेवला. तिकडं एक माणूस दुपारभर घरघर ऐकू यावी म्हणून बसलंय, इकडं मी ती लावायची की नाही ते ठरवत बसलेय. त्या उन्हाळ्यात ते म्हणाले होते ये, आणि मी गेले नव्हते. या खेपेला ते ये म्हणालेले नाहीत. अमोल म्हणतोय. ते फक्त म्हणाले, हवा छान आहे.

मी अमोलला फोन करून हो सांगितलं. तो इतका खूश झाला की मला फोन घाईने ठेवावा लागला.

मग शमीमभाभींकडे गेले. त्यांचे मिस्टर मोटरींचं वाइंडिंग करतात, गल्लीभरचे कूलर त्यांच्या हातून चालू होतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरचा कूलर दर उन्हाळ्यात अंगणात पोट उघडून पडलेला असतो. भाभी दारात बसून पदराने वारा घेत होत्या.

"आमचा कूलर घेऊन जा," मी म्हणाले.

"विकता? ताई, इतका मोठा आमाले नाई झेपनार."

"विकत नाही. ठेवा. मी पुण्याला चाललेय मे अखेर."

भाभींचा पदर थांबला. "तुमी बी चालल्या? मंग परत?"

"माहीत नाही."

"मंग ठेवा म्हणजे का?"

"म्हणजे दर होळीला ताट्या बदलायच्या, चालवायचा. मी आले की अर्धी हवा माझी."

भाभींनी माझ्याकडे नीट पाहिलं, चेष्टा करतेय का ते. "हवा कशी अर्धी करते ताई?"

"दुपारी तुमच्याकडे येऊन झोपेन."

"घोरता का?"

"अस्वलासारखी."

"मंग चालते," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन मिस्टरांना हाक मारली.

त्याच दिवशी दोघातिघांनी धरून कूलर नेला. आतल्या खोलीतला त्याचा कोपरा मोकळा झाला आणि यंदा रिकामीच राहिलेल्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत आलं. खिडकीखाली भिंतीवर जिथं कूलर टेकायचा तिथं जुन्या पाण्याचे ओघळ आहेत, ते मी आजवर नीट पाहिलेच नव्हते. भिंतीपलीकडून ठोकण्याचे आवाज आले, मग मोटर गुरगुरली, थांबली, पुन्हा गुरगुरली, लागली. आवाज आमचाच होता. तो कुठंही ओळखला असता मी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी नळ आल्यावर मी दर उन्हाळ्याच्या सवयीने बादली भरली, उचलली, खिडकीपाशी गेले. तिथं कूलर नव्हता. भरलेली बादली मोरीत ओतणं या गावात, या महिन्यात, कोणी करत नाही. मी तशीच बादली घेऊन चप्पल अडकवली, फाटक उघडलं आणि शेजारी गेले.

भाभी खिडकीतूनच म्हणाल्या, "या बाई! अजून गेल्या बी नाईत आन पाणी भरून राह्यल्या."

मी टाकीत पाणी ओतलं. नवं गवत वरून खाली भिजत गेलं आणि त्याचा ओला वास गल्लीत सुटला. मी बादली पालथी केली, तिच्यावर बसले, आणि माझ्या वाट्याची हवा येईपर्यंत थांबले.